नेटवर्क गेलं म्हणून मेनफ्रेम बंद करायला सांगणाऱ्यांसाठी

‘मेनफ्रेमवर लिनक्स टाकल्यावर नेटवर्क गेलं? हे ५ उपाय करा’ असा एक मेसेज बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या इंजिनिअरिंगवाल्या पोरांच्या ग्रुपमधून फिरतोय. मी सोडून दिला असता, पण भाचा बंगळुरात मेनफ्रेम (बँकांसारख्यांचं काम चालवणारं मोठं मशीन) टीमला नवीनच लागलाय, तो गणपतीला शहापुरात आला आणि मलाच विचारतोय, “मामा, तिसरा उपाय करून बघू काय?” मग मात्र डोकं फिरलं.

तिसरा उपाय काय, तर ‘पूर्ण मेनफ्रेम ऑफ करून ऑन करा’. अरे, तो काय घरचा राऊटर आहे काय? आयबीएमच्या झेड१४, झेड१५, झेड१६ या मेनफ्रेमवर ८५ पर्यंत एलपार, म्हणजे एकाच मशीनचे स्वतंत्र चालणारे भाग, असतात. तुझं लिनक्स त्यातल्या एकात, आणि बऱ्याचदा तेही झेड/व्हीएम या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरखालचा एक गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. बाजूच्या एलपारवर कुणाच्या तरी बँकेचं झेड/ओएस (मेनफ्रेमची मूळ ऑपरेटिंग सिस्टिम) चालू असतंय, आणि तू नवीन लिनक्सला पिंग होईना म्हणून सगळंच खाली घेणार? एक गेस्ट पुन्हा आयपीएल, म्हणजे बूट, करणं वेगळं, अख्ख्या मशीनला पॉवर-ऑन रीसेट देणं वेगळं. आणि एवढं करूनही जे सेटिंग पर्सिस्टंट, म्हणजे कायमचं सेव्ह केलेलं, नाही ते परत जाणारच की.

पहिला उपाय, ‘ओएसए कार्ड (मेनफ्रेमचं नेटवर्क कार्ड) जळालंय, बदला’. इन्स्टॉल करताना त्याच कार्डवरून पॅकेजं उतरली ना? मग संपलं. पाचवा, ‘परत इन्स्टॉल करा’, यावर बोलायलाच नको. दुसरा, फायरवॉल आणि एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा व्यवस्था) बंद करा. आधी एलएसक्यूएथ (lsqeth) ही नेटवर्क डिव्हाइसची यादी दाखवणारी कमांड देऊन बघ, तिथं काहीच दिसत नसेल तर इंटरफेसच नाही, फायरवॉल अडवणार कुणाला?

खरी भानगड बहुतेक वेळा वेगळीच असते. ओएसएला लिनक्समध्ये तीन सबचॅनल (डिव्हाइसशी बोलायचे मार्ग) लागतात, रीड, राइट आणि डेटा, म्हणजे समजा ०.०.०६०० ते ०.०.०६०२ हे डिव्हाइस नंबर. रेड हॅट, सुसेवर कर्नल पॅरामीटरमध्ये सीआयओ-इग्नोर (cio_ignore) असतं, त्यामुळं परवानगीच्या यादीत नसलेलं डिव्हाइस कर्नल बघतच नाही. ते आधी सीआयओ-इग्नोर -आर देऊन मोकळं करायचं, मग सीएचझेडडेव्ह -ई (chzdev -e) नं क्यूएथ (ओएसएचा लिनक्स ड्रायव्हर) चालू करायचं, ते लगेच लागूही होतं आणि रीबूटनंतरही राहतं. आयबीएमच्या ‘डिव्हाइस ड्रायव्हर्स, फीचर्स अँड कमांड्स’ या मॅन्युअलमध्ये क्यूएथचं प्रकरण आहे, फॉरवर्ड करण्याआधी तेवढं तरी वाचा. लेयर२ चं सेटिंग (कार्ड इथरनेटच्या पातळीवर, लेयर २ वर, चालवायचं की आयपीच्या, लेयर ३ वर, ते) डिव्हाइस ऑफलाइन असतानाच बदलता येतं, हेही त्यातच आहे. व्हीस्विच (झेड/व्हीएममधला व्हर्च्युअल स्विच) इथरनेट प्रकारचा आणि तुमचा गेस्ट लेयर ३ वर, असा घोळ असला की इंटरफेस वर दिसतो पण पॅकेट काय जात नाही.

चौथ्यात थोडं खरं आहे, मान्य करतो. ‘ईथ० ऐवजी नवीन नाव टाका’ म्हणतोय तो. नाव आता एन्सी६०० असं डिव्हाइस नंबरावरून पडतं, आणि कॉन्फिगमध्ये जुनं नाव राहिलं तर आयपी चढत नाही. पण लगेच पुढं ‘डीएचसीपी (आपोआप आयपी मिळायची सोय) लावा, सगळं होतंय’ म्हणून घाण केलीये, कारण लेयर ३ वर जादा ऑप्शन दिल्याशिवाय डीएचसीपी चालत नाही.

आणि हे सगळं करायचं कुठून, ते मेसेजमध्ये कुठंच नाही. नेटवर्क नाही म्हणजे एसएसएचनं लांबून लॉगिन नाही, झेड/व्हीएमच्या गेस्टला ३२७० कन्सोलवरून (मेनफ्रेमचा जुन्या धाटणीचा टर्मिनल) जावं लागतं. तिथं व्हीआय (vi) एडिटर चालत नाही, फाइल सेड (sed) कमांडनं बदलायची. आणि खाली उजव्या कोपऱ्यात ‘मोअर...’ दिसलं की मशीन अडकलं म्हणून घाबरू नका, क्लिअर दाबा, पुढं जातंय. नवीन पोरं तिथंच बसून राहतात आणि मग असले मेसेज शोधतात.

झेड/व्हीएमवर असाल तर अजून एक, गेस्टला व्हीस्विचचं ग्रँट, म्हणजे वापरायची परवानगी, आहे का ते विचारा. नुसतं ‘सेट व्हीस्विच’ कमांडनं दिलेलं ग्रँट झेड/व्हीएमच्या आयपीएलनंतर उडतं, सिस्टम कॉन्फिगमध्येही लिहावं लागतं. भाच्याला सांगितलंय, तिकीट टाकताना एलएसक्यूएथचं आणि सीआयओ-इग्नोर -एलचं (दुर्लक्षित डिव्हाइसची यादी) आउटपुट जोडून टाक, अॅडमिनला दुसरं काही नको असतं.