तरी नागरिकांनी सहकार्य करावे

परवाच्या गुरुवारी पाणी बंद होतं. आपल्याला ठाऊक नव्हतं, म्हणजे चूक आपलीच. सूचना रीतसर निघाली होती. बुधवारी संध्याकाळी, कार्यालय सुटता सुटता, जावक क्रमांक टाकून, सही-शिक्क्यासकट, जरा तिरकी स्कॅन केलेली. रात्री पावणेबाराला ती सोसायटीच्या ग्रुपवर आली आणि लगेच तिच्यावर दत्तगुरूंचे फोटो येऊन बसले. गुरुवार लागत होता ना.

हल्ली महापालिकेचा कारभार पारदर्शक झाला आहे, इतका की आरपार पाहिलं तरी काही दिसत नाही. तेव्हा सुज्ञ नागरिकांनी पुढील पथ्यं पाळावीत.

पहिलं म्हणजे, सूचना शेवटून वाचायला शिका. वरचे दोन परिच्छेद ‘विद्युत, पंपिंग व स्थापत्यविषयक अत्यावश्यक देखभाल-दुरुस्ती’ला वाहिलेले असतात. ते सोडून द्या. खरी बातमी शेवटच्या ओळीत असते: ‘दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.’ या ओळीचा अर्थ आपला आपण लावायचा असतो. मुख्य जलवाहिनी बंद केली की ती रिकामी होते आणि तिच्यात हवा शिरते. पुन्हा सुरू करताना ती हळूहळू भरावी लागते, हवा एअर व्हॉल्व्हमधून बाहेर काढावी लागते. घाई केली की दणका बसतो आणि एखादा जोड निखळतो. मग ‘अत्यावश्यक दुरुस्ती’ आणखी एक दिवस लांबते. लाइन भरली की उंचावरच्या टाक्या भरायच्या. त्यांत पुरेशी पातळी आल्याशिवाय खालच्या भागाला पाणी सोडत नाहीत. सोडलं की मग पाळीपाळीने एकेक भाग. चढावरचे आणि लाइनच्या टोकाला राहणारे सर्वांत शेवटी. म्हणजे सूचनेत गुरुवार लिहिलेला असला, तरी टोकाच्या माणसाचं पाणी शनिवारी सकाळी येतं. हे सूचनेत लिहिलं तर नागरिक घाबरतील. म्हणून लिहीत नाहीत. केवढी काळजी!

साठ्याचा हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण. ४० फ्लॅट, घरटी ४ माणसं, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. अडीच दिवसांचे झाले ५४,०००. खालची टाकी बहुतेक ठिकाणी एका दिवसाचीच बांधलेली असते. उरलेल्या ३२,४०० लिटरसाठी दहा हजारी टँकर तीन सांगा आणि वरचे चोवीसशे बादल्यांत भरून ठेवा. टँकरवाल्याला पाणी बंद असल्याची बातमी आपल्या कितीतरी आधी लागलेली असते. ती कुठून, हे विचारून त्याचा वेळ घेऊ नये.

पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते सोडून द्या. रिकाम्या पाइपात गळतीच्या भोकांतून आजूबाजूचं पाणी ओढलं जातं, आणि आपल्याकडे जलवाहिनी आणि ड्रेनेज बऱ्याच ठिकाणी गुण्यागोविंदाने शेजारी नांदतात.

नळाला थेट मोटार लावू नका. शेजाऱ्याने आधीच लावली आहे.

ॲपवर तक्रार जरूर नोंदवा. शनिवारी पाणी आलं की ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’ असा मेसेज येतो.

आता यादीकडे वळू. सूचनेत ‘पाणी बंद राहणारा भाग’ म्हणून एक लांबलचक परिच्छेद असतो. तो पूर्णविरामाशिवाय वाचायचा सराव करा. त्यात साधारण असं असतं: गावठाण, गावठाणाचा काही भाग, हायवेच्या दोन्ही बाजू, मंदिरामागील वसाहत, टाकीवर अवलंबून असलेला सर्व परिसर, तसेच लगतचा भाग, इत्यादी. आपण कशात मोडतो हे ओळखणं हाच खेळ. ‘काही भाग’ म्हणजे कुठला? ‘लगतचा’ म्हणजे कशाच्या लगतचा? ‘टाकीवर अवलंबून’ असेल, पण आमची टाकी कुठली हे आम्हाला कुणी कधी सांगितलं? पाणीपट्टीच्या बिलावर ते छापलेलं नाही, मिळकतकराच्या बिलावर नाही. वसाहतीचं नाव वीस वर्षांपूर्वी बदललं, रस्त्याचं दोनदा बदललं, सूचनेत मात्र अजून जुन्या जकात नाक्याची खूण. जकात जाऊन किती वर्षं झाली! पस्तिशीच्या आतल्या किती भाडेकरूंना तो नाका कुठे होता हे माहीत असेल? ‘इत्यादी’ तर कमालच. नळ बंद करताना कुणी ‘इत्यादी’ बंद करतं का? बंद होतो तो एक ठरावीक व्हॉल्व्ह. तो कुठल्या चौकात, कुठल्या झाकणाखाली आहे आणि त्याच्यापुढे कुठल्या गल्ल्या आहेत, हे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या चावीवाल्याला झोपेत विचारलं तरी तो सांगेल. तो रोज तेच करतो. पाण्याच्या वेळा त्याच्या वहीत आहेत. अभियंत्याकडे नकाशा आहे. माहिती नाही असं नाहीच. ती फक्त आपल्यापर्यंत येऊ द्यायची नाही.

आणि आपले पत्ते महापालिकेकडे नाहीत, असं तर मुळीच म्हणू नये. मिळकतकराची आठवण बघा कशी येते! नाव, मिळकत क्रमांक, रुपयापर्यंत रक्कम, भरायची लिंक, सगळं मोबाइलवर, वेळच्या वेळी. मुदत चुकली की दरमहा २ टक्के शास्ती लागते, तिचंही स्मरणपत्र येतं. गच्चीवर वाढवलेली खोली शोधायला तुम्ही सर्वेक्षण करता. कर लावताना आम्ही भिंतीच्या जाडीसकट तुम्हाला दिसतो. पाणी तोडताना मात्र आम्ही ‘व परिसर’! त्याच मोबाइलवर ‘तुमच्या इमारतीचं पाणी गुरुवारी सकाळी ८ पासून बंद, तुमच्या लाइनला शुक्रवारी रात्रीपर्यंत येईल’ एवढी एक ओळ पाठवायला कुठला ठराव मंजूर व्हावा लागतो?

असो. सल्ले चालू होते.

नगरसेवकाला फोन करायला विसरू नका. २०२२ पासून जवळपास चार वर्षं बहुतेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्यामुळे फोन कुणाला करायचा हा प्रश्नच नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि सुबत्ता आली. मुंबई सोडली तर बाकी ठिकाणी प्रभागात एकाहून जास्त नगरसेवक. तीच पाणी बंदची सूचना आता प्रत्येकाच्या फोटोसह वेगवेगळी येते. फोटो मोठा, कमळ-घड्याळ-मशाल जे असेल ते ठळक, खाली ‘आपला नम्र’, आणि मधे कुठेतरी बारीक अक्षरांत पाणी. पहिल्याला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दुसरा म्हणतो, पाणी खात्याला विचारा.

तेवढ्यात चावीवाल्याचा नंबर मिळवून ठेवा. शहराच्या पाणीपुरवठ्याचा खरा प्रवक्ता तोच, आणि तो कंत्राटी आहे.

आता थट्टा पुरे. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित तथ्यं आपणहून प्रसिद्ध करायची, स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत प्रभावी ठरेल अशा पद्धतीने, असं लिहिलेलं आहे. कुणी अर्ज केल्यावर नाही, आपणहून. वेबसाइटच्या चौथ्या पानावर तिरकं स्कॅन चढवणं ही प्रभावी पद्धत नाही. ते शोधात सापडत नाही. दृष्टिहीन माणसाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. कामाची तारीख ठेकेदाराला बरीच आधी कळवलेली असते, मग लोकांना आदल्या रात्री का? ज्या घरात आजारी माणूस आहे, ज्या वस्तीत टाकीच नाही आणि बादलीवर दिवस जातो, तिथे ‘सहकार्य करावे’ हे कुठल्या तोंडाने लिहिता?

आणि आपणही काही कमी नाही. २००९ मध्ये राज्याने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, मतदारांनी नगरसेवकासमोर बसून आपल्या भागाचे प्रश्न मांडावेत म्हणून. आपल्या भागात ती कधी झाली, असं आपण कुणाला विचारलंय? पाणी नसलं की ग्रुपवर तीनशे मेसेज, आलं की पुन्हा सुप्रभात. टँकरची वर्गणी मुकाट्याने देतो, कारण अर्ज लिहिण्यापेक्षा ते सोपं आहे. सोसायटीचा अध्यक्ष अधिकाऱ्याच्या ओळखीने आपल्यापुरता व्हॉल्व्ह अर्धा तास जास्त उघडवून आणतो आणि आपण त्याला शाल-श्रीफळ देतो. तो अर्धा तास टोकावरच्या कुणाचा तरी असतो.

राज्य शासनाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातली कागदपत्रं आणि नोंदवह्या, पाहता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा गाऱ्हाणं गाऊ नका. नेमकं मागा: आमची इमारत कुठल्या टाकीवर आणि कुठल्या व्हॉल्व्हवर आहे, त्या व्हॉल्व्हच्या वेळापत्रकाची प्रत, आणि गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक बंदची मंजुरीची तारीख, सूचना प्रसिद्ध केल्याची तारीख व पाणी प्रत्यक्ष सोडल्याची नोंद. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. उत्तरात ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं आलं तर सोमवारी जाऊन वही मागा. वही असते.