विषाचा पेला आणि मिठाच्या गोण्या

ऐतिहासिक मालिका लिहिण्याचे काम आपल्याकडे चालून आले असेल आणि तिचे कथानक देवगिरीच्या राजघराण्यातील सत्तास्पर्धेवर बेतायचे ठरले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. आणि लगोलग एक कळकळीची विनंती, की देवगिरीला जाऊ नका. छत्रपती संभाजीनगरपासून किल्ला अगदी जवळ आहे, बस मिळते, आणि नेमका तोच धोका आहे. तेथे गेलेला लेखक खंदक पाहतो, चारही बाजूंनी तासलेला कडा पाहतो, वाटाड्याच्या मागून अंधारीतल्या वळणावळणाच्या पायऱ्यांवर ठेचकाळत वर जातो, आणि त्याच्या मनात असा घातक प्रश्न उभा राहतो की असला डोंगर ज्याच्या हाती होता, त्याचे राज्य बुडाले तरी कसे? हा प्रश्न पडला की माणूस वाचू लागतो, वाचू लागला की त्याला कारणे सापडतात, आणि कारणे सापडली की मालिका तीस भागांत आटोपते. निर्मात्याला तीनशे भाग हवे असतात.

कारणे किती गैरसोयीची असतात, त्याचा मासला म्हणून १२९६ सालची स्वारी घ्या. अलाउद्दीन तेव्हा दिल्लीचा सुलतान नव्हता; तो गंगाकाठच्या कडा या प्रांताचा सुभेदार होता आणि सुलतान जलालुद्दीन खिलजीचा पुतण्या असून जावईही होता. दिल्लीचा इतिहासकार बरनी याच्या तवारिखेवर विश्वास ठेवायचा तर बायको आणि सासू यांच्याशी त्याचे इतके बिनसले होते, की कोठेतरी दूर जाऊन स्वतःचे बस्तान बसवावे हा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता. (येथे आपली लेखणी फुरफुरू लागेल, हे मला ठाऊक आहे, सासू सापडली म्हणजे निम्मी मालिका झाली. पण ही सासू दिल्लीची आहे, आणि निर्मात्याने पैसे देवगिरीच्या सेटचे भरले आहेत.) चुलत्याला थांगपत्ता लागू न देता तो काही हजार स्वारांनिशी निघाला आणि वाटेत त्याने हूल उठवली, की आपण रुसून राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरी मागायला चाललो आहोत. इकडे देवगिरीचा यादव राजा रामदेवराव याचा मुलगा शंकरदेव मोठी फौज घेऊन बाहेर गेलेला होता, म्हणून राजाने किल्ल्याची दारे लावून घेतली. पुढची हकीकत तीनशे वर्षांनी लिहिणाऱ्या फिरिश्ताने सांगितली आहे. अलाउद्दीनने दुसरी हूल उठवली, की आपली तुकडी ही नुसती आघाडी असून दिल्लीची वीस हजारांची फौज मागून येत आहे. तहाची बोलणी होऊन तो परत फिरणार, तोच शंकरदेव येऊन पोहोचला आणि बापाचा निरोप न जुमानता लढाईला उभा राहिला. त्याची सरशी होत असताना, किल्ल्यावर नजर ठेवण्यासाठी मागे ठेवलेली नुसरतखानाची हजारभर स्वारांची तुकडी हुकुमाची वाट न पाहता धूळ उडवत आली, आणि यादवांच्या सैन्याला वाटले, हीच ती दिल्लीची फौज. फळी फुटली. आता भरवसा उरला तो किल्ल्याचा. तर धान्य समजून घाईघाईने वर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले.

फिरिश्ताला आजच्या कोणत्याही वाहिनीने दारातूनच परत पाठवले असते, हे उघड आहे. पेरलेली अफवा दोनच भागांत उगवते, आज्ञा मोडणारा मुलगा आणि आज्ञेची वाट न पाहणारा सरदार एकाच दिवशी एकाच मैदानात समोरासमोर येतात, आणि गोणीत काय आहे हे कोणी हात घालून न पाहिल्याने राजाला तह करावा लागतो. यात कोणीही दाराआड उभे राहिलेले नाही. विजेच्या कडकडाटात कोणाचा चेहरा तीन वेळा जवळून दाखवता येत नाही. मुख्य म्हणजे खलनायिका नाही, आणि खलनायिकेवाचून प्रेक्षक कोणाकडे पाहून बोटे मोडणार?

म्हणून एक धाकटी राणी निर्माण करावी. तिचे नाव ताम्रपटात नाही, शिलालेखात नाही, ही अडचण नसून सोय आहे, कारण जिचे काहीच ठाऊक नाही तिच्याविरुद्ध कोणी न्यायालयात जात नाही. तिने दिवसभर एकच काम करावे: खांबाआड उभे राहून ऐकावे. राजवाड्यातील खांब त्या हिशेबानेच बसवून घ्यावेत. आमच्या परभणीच्या आत्याबाई रात्रीची भाकरी थापता थापता अशी एक मालिका नेमाने पाहतात, आणि गेल्या आठवड्यात त्या परातीतून मान वर न करता म्हणाल्या, "काहून वं, ह्या बाईला राजवाड्यात दुसरं काहीच काम न्हाई का?" आत्याबाईंसारख्या प्रेक्षकांकडे दुर्लक्ष करावे. चोरून ऐकून झाल्यावर राणीने आपला संपूर्ण बेत आरशासमोर खणखणीत आवाजात स्वतःलाच सांगावा, म्हणजे तो दुसऱ्या खांबाआडच्या दासीला ऐकू जाईल आणि पुढचे सहा भाग निघतील.

मराठवाड्यातील प्रेक्षकाला सत्तास्पर्धा ठाऊक नसते, असे आपण गृहीत धरले पाहिजे. वास्तविक भाऊबंदकी या विषयात येथील प्रत्येक घर पारंगत आहे. बांध कोरणारा चुलतभाऊ आपला बेत आरशाला सांगत नाही; तो नांगराचे एकेक तास दरवर्षी पुढे सरकवतो, सणाला पुरणपोळी खायला येतो, "वहिनी, पोळी झकास झाली" म्हणतो, आणि दहा वर्षांनी सातबाऱ्यावरचा फेरफार पाहून घरातले लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात. एवढे शांत, एवढे चिवट कारस्थान पडद्यावर आले तर प्रेक्षक घाबरून मालिका बंद करून शेताकडे धावतील. म्हणून ते टाळावे.

याच कारणास्तव यादवांच्या वारसाहक्काचा तंटा कथेत आणू नये, कारण तो येथील प्रेक्षकाला एका वाक्यात समजतो. कृष्णदेव वारला तेव्हा राज्य त्याच्या मुलाकडे न जाता धाकटा भाऊ महादेव याच्याकडे गेले. महादेव वारल्यावर ते कृष्णदेवाच्या मुलाकडे परत यावे, अशी त्या मुलाची अपेक्षा होती, आणि गादीवर मात्र महादेवाचा मुलगा आमणदेव बसला. थोरल्याचे पोर लहान म्हणून धाकट्याने कारभार पाहिला आणि मग तो आपल्याच पोराच्या नावे करून टाकला, ही गोष्ट चावडीवर बसलेल्या कोणालाही अर्ध्यावरच सांगून थांबलात तरी तो पुढची पुरी करील. कृष्णदेवाचा तो मुलगा म्हणजेच रामदेवराव. १२७१ च्या सुमारास नटनर्तकांचा ताफा म्हणून त्याची माणसे गडावर शिरली, खेळ रंगला आणि खेळ पाहत बसलेला आमणदेव जागच्या जागी पकडला गेला; पुढे त्याचे डोळे काढले गेले, असे महानुभाव वाङ्मयातील उल्लेख सांगतात. हा प्रसंग अगदीच टाकवत नसेल तर त्यातील नाच तेवढा ठेवावा. नाच पाच भाग चालावा, त्यात मालिकेबाहेरची एखादी पाहुणी नटी यावी, आणि शस्त्र निघण्याच्या क्षणी भाग संपवून पुढच्या सोमवारी तो सगळा प्रकार आमणदेवाचे स्वप्न होते असे निघावे.

हेमाद्रीचे काय करावे, असे आपण विचाराल. हा गृहस्थ महादेवाच्या काळी श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. मध्ये गादीवरून रक्त सांडले, एकाचे डोळे गेले, आणि रामदेवरावाच्या काळीही हेमाद्री मानाच्या जागी होताच. राजा बदलला, दप्तर तेच राहिले. माझ्या मते देवगिरीच्या सगळ्या इतिहासात याहून सरस पात्र नाही. दोन्ही राजांना ज्याच्यावाचून चालले नाही, त्याला नेमके काय ठाऊक होते, कोणत्या गावचा किती सारा येतो, कोणाचे अग्रहार कोठवर, हे सगळे ज्याच्या बोरूखाली होते त्याच्याशी नवा राजा पहिल्या दिवशी कोणत्या सुरात बोलला असेल, हा एकच प्रवेश लिहायला मिळावा म्हणून मी आयुष्याची दोन वर्षे देईन. आपण मात्र त्याला एक भुवई उंचावण्याचे काम द्यावे आणि त्याच्या तोंडी "हे राजकारण आहे, महाराज" हे वाक्य घालून मोकळे व्हावे.

विषाचा उल्लेख टाळता येणार नाही. विषाचा पेला हा अशा कथानकाचा मेरुमणी असतो. तो पहिल्याच आठवड्यात भरावा आणि पुढे चाळीस भाग तबकात घालून या दालनातून त्या दालनात फिरवावा. कधी तो मांजराने सांडावा, कधी चुकून दासीने प्यावा, कधी आयत्या वेळी त्यात विष नव्हतेच असे कळावे. खऱ्या विषप्रयोगांचा आदर्श ठेवू नका. त्यांना वेळेचे भान नसते. ऑक्टोबर १७५२ मध्ये औरंगाबादेत पहिल्या निजामाचा थोरला मुलगा गाजीउद्दीन दिल्लीहून दख्खनच्या सुभ्यावर हक्क सांगायला आला. त्याच्या पाठीशी पेशवा होता, धाकट्या सलाबतजंगाच्या पाठीशी फ्रेंच बुसी होता, फौजा गोळा होत होत्या. आणि सावत्र आईकडच्या एका जेवणात सगळा प्रश्न मिटला. एक जेवण, एक रात्र. मांजर नाही, तबक नाही. त्या बाईंचा मुलगा निजामअली, त्याला त्या दिवशी काहीच मिळाले नाही. फायदा सलाबतजंगाचा झाला. पुढे दहा वर्षांनी, १७६२ साली, निजामअलीने सलाबतजंगाला बिदरला कैदेत टाकून सुभा घेतला. दहा वर्षे वाट पाहणारे कथानक वाहिनीला परवडत नाही, कारण तोवर जाहिरातदार बदललेले असतात.

वैरी एकदा वैरी ठरला की त्याने शेवटपर्यंत डोळे बारीक करूनच बोलावे. माधवराव पेशव्याने १७६२ च्या शेवटी आलेगावला चुलता रघुनाथराव याच्यापुढे शरणागती पत्करली आणि पुढच्याच वर्षी १० ऑगस्टला बीडजवळच्या राक्षसभुवनला चुलता-पुतणे एकाच बाजूने निजामअलीच्या फौजेशी लढले, ही माहिती लेखनकक्षात कोणाला कळू देऊ नये. त्या लढाईत सर्वांत मोठे कारस्थान गोदावरीने केले होते, कारण निजामअली अर्धी फौज घेऊन पलीकडे उतरला होता, नदीला पूर होता आणि अलीकडे अडकलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. नदीला मानधन द्यावे लागत नसले तरी तिला भुवई उंचावता येत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर राणीवशात कारंजे अवश्य असावे आणि ते चोवीस तास चालू असावे. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील लोक ते कारंजे किती भक्तिभावाने पाहतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले आणि शहराच्या पाण्यासाठी नहरी खोदल्या, हे कारस्थानाच्या कथेत बसत नाही. त्यामुळे त्याला नुसता घोड्यावर दाखवावा.

भाषेबद्दल थोडक्यात. यादवांच्या तोंडी मुजरा, हुकूम, दरबार, जहागीर हे शब्द मोकळ्या हाताने घालावेत. फारसीचा अंमल नंतर बसला, ही तक्रार करणारे चार लोक असतात आणि ते मालिका पाहत नाहीत. मुदपाकखान्यात लाल मिरच्यांच्या माळा टांगाव्यात, मग मिरची पोर्तुगीजांबरोबर आणखी दोनशे वर्षांनी का येईना. त्याच काळातील माणसे लीळाचरित्रात कशी बोलतात, ते मात्र चुकूनही वाचू नका. ती चार-पाच शब्दांत बोलतात, विचारले तेवढेच सांगतात आणि उठून कामाला जातात. आपल्या राजाने किमान बारा वाक्ये बोलल्याशिवाय पाणीसुद्धा मागू नये.

तीनशे भाग सरले आणि वाहिनीने अचानक आठ दिवसांत गाशा गुंडाळायला सांगितले, की मग त्या मिठाच्या गोण्या बाहेर काढाव्यात. धाकट्या राणीनेच त्या रातोरात बदलल्या असे दाखवावे. शे-दोनशे गोण्या एका बाईने एका रात्रीत कशा हलवल्या, हे विचारण्यापूर्वी शेवटचे गीत सुरू झालेले असेल. कोठारावरच्या कारकुनाला मात्र त्या प्रसंगात एकही संवाद देऊ नका. आमच्या आत्याबाईंनी पोत्यांच्या थप्पीपुढे हात बांधून उभा असलेला तो मुका नट पाहिला तेव्हा तव्यावरची भाकरी उलटायची राहिली, आणि त्या टीव्हीलाच विचारू लागल्या, "आरं, पोती उतरून घेताना तू कुठं व्हतास?" तो काय उत्तर देतो हे ऐकायला त्या जाहिराती संपेपर्यंत बसून राहिल्या, आणि भाकरी करपली.