टोचून घेतलेली धूळ

नाशिकच्या हवेची कीर्ती जुनी आहे. हवापालटासाठी मुंबईची माणसे देवळालीस येत, आणि त्यांच्यासाठी तेथे सॅनिटोरियमही उभी राहिली. अशा प्रदेशात राहून सकाळी डोळे उघडताच शिंकांची माळ लावणाऱ्या व्यक्तीकडे लोक आजारी म्हणून नव्हे, तर कृतघ्न म्हणून पाहतात. 'आपल्या हवेत कुणाला ॲलर्जी होत नाही' असे मला नाकाला रुमाल लावलेल्या शेजाऱ्यांनीही बजावले आहे.

शेवटी त्वचेची चाचणी ठरली. तिच्या आधी काही दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, आणि त्या काळात माझ्याशी कुणी सलग वाक्य बोलू शकले नाही. चाचणीच्या दिवशी हातावर निरनिराळ्या द्रावणांचे थेंब ओळीने ठेवून प्रत्येक थेंबातून सुईचे टोक हलकेच टोचतात. एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर स्वतःच सोडते त्या रसायनाचा असतो, तेथे गांधी उठायलाच हवी. एक साध्या सलाइनचा असतो, तेथे ती उठता कामा नये. मग पंधरा-वीस मिनिटे हात खाजवायचा नाही, एवढेच पथ्य. परंतु ते पाळताना माणसाची सगळी आध्यात्मिक तयारी उघडी पडते. गाजरगवत आणि झुरळ यांनी माफक नाराजी व्यक्त केली. डस्ट माइटच्या, म्हणजे घरच्या धुळीतल्या सूक्ष्म किड्याच्या थेंबाखाली मात्र अशी गांधी उठली, की पट्टी घेऊन मोजणाऱ्या सिस्टरांनी ती डॉक्टरांना मुद्दाम बोलावून दाखवली.

खरे संकट घरी आल्यावर सुरू झाले, कारण सासूबाईंनी हे निदान माझ्या नाकाचे न मानता त्यांच्या केरसुणीचे मानले. "या घरात दोन वेळा केर निघतो," त्या म्हणाल्या, "इथे कसले आलेत किडे?" हा प्राणी कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नसलेला, आणि स्वच्छातल्या स्वच्छ घरातील गादीतही माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर सुखाने जगणारा आहे, हे मी समजावून सांगितले. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावाच शोषतो, म्हणून पावसाळ्यात त्याची चंगळ असते, हेही सांगितले. ॲलर्जी मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांची असते, हा तपशील मी शिताफीने गाळला होता. तो नणंदेने फोनवर शोधून मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर सर्व गाद्या गच्चीवर गेल्या आणि सासूबाईंनी त्या काठीने अशा बडवल्या, की त्या दिवशीच्या शिंका मी आजवरच्या सर्वोत्तम मानते. चादरी साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुवाव्यात, हे डॉक्टरांचे म्हणणे त्यांना पटले. पण त्यांच्या आईच्या लुगड्यांची गोधडी त्या पाण्यात घालायला त्या आजही तयार नाहीत, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे.

उपचार इम्युनोथेरपीचा ठरला. ज्याचा त्रास होतो त्याचाच अर्क अत्यल्प प्रमाणात टोचायचा, आठवड्यागणिक मात्रा वाढवत न्यायची, पुढे महिन्याला एक इंजेक्शन, आणि हे सारे तीन ते पाच वर्षे. लंडनच्या लेनर्ड नून यांनी 1911 मध्ये गवताच्या परागकणांचा अर्क टोचून ही वाट दाखवली. आयजीई नावाच्या तापट प्रतिपिंडांऐवजी शरीराने आयजीजी-4 ही समंजस प्रतिपिंडे वाढवावीत आणि एकंदर सहन करायला शिकावे, असा त्यामागचा हेतू असतो. "म्हणजे जी धूळ आई फुकट झाडून टाकते, तीच आपण पैसे देऊन टोचून घ्यायची?" असे यजमानांनी विचारले. शास्त्राचा इतका नेमका सारांश मला डॉक्टरांकडूनही मिळाला नव्हता.

सुई काही क्षणांचीच असते; पण नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसावे लागते. क्वचित एखाद्याला तीव्र प्रतिक्रिया येऊन श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो, आणि त्या वेळी ॲड्रेनॅलिन जवळ असावे लागते. हे ऐकून घेतलेली मंडळी बाकावर जो स्वतःचा दंड न्याहाळत बसतात, तो देखावा कुस्तीच्या आखाड्यातही दिसणार नाही. घसा साधा खाकरला, तरी शेजारचा रुग्ण सिस्टरांना हाक मारतो.

सिडकोतल्या माझ्या मावसभावाने सुईऐवजी जिभेखालचे थेंब निवडले आहेत. ते रोज घरीच घ्यायचे, मिनिट-दोन मिनिटे जिभेखाली धरायचे आणि तेवढा वेळ बोलायचे नाही. वहिनींच्या मते उपचाराचा गुण पहिल्या दिवसापासूनच आला.

मला गुण यायला कित्येक महिने लागले, आणि आल्यावर त्याच्या श्रेयाचे वाटप झाले. सासूबाई ते गच्चीवरच्या उन्हाला देतात, यजमान त्यांनी आणलेल्या गादीच्या चेनवाल्या खोळीला, आणि शेजारच्या काकू नाकात सोडायला सांगितलेल्या तुपाला. आपण बरे झालो, असे वाटून मध्येच सुया सोडू नका, पूर्ण मुदत केली तरच फायदा नंतरही टिकतो, असे डॉक्टर दर वेळी बजावतात.

औषधाची बाटली फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. देवाच्या दुधाशेजारी ती चालणार नाही, म्हणून सासूबाईंनी तिला खालच्या कप्प्यात वेगळा डबा दिला आहे, आणि पावसात वीज गेली की 'फ्रिज उघडू नका रे, किडे खराब होतील' असे त्याच सगळ्यांना दटावतात.