धुराचा रंग बघून इंजिन उतरवू नका

गाड्यांविषयीचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर हातोहात फिरतो आहे. गॅरेजमध्ये फसायचं नसेल तर धूर ओळखायला शिका, असं म्हणत त्यात सात गोष्टी सांगितल्या आहेत. सायलेन्सरमधून पाणी पडलं तर इंजिनात पाणी शिरलं. पांढरा धूर आला तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी) गेलं. निळा आला तर रिंग-पिस्टन संपले. काळा आला तर एअर फिल्टर बदला. सडक्या अंड्यांचा वास आला तर पेट्रोलमध्ये भेसळ. सायलेन्सर आतून काळा दिसला तर ती जुनी गाडी घेऊ नका. आणि धूरच नसेल तर इंजिन ठणठणीत.

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण या मजकुराने फसवणूक टळत नाही, उलट सोपी होते. मालक स्वतःच ‘निळा धूर येतोय, इंजिन काम निघालं ना?’ असं विचारत गाडी आणतो, तेव्हा ‘थांबा, आधी तपासू’ म्हणणारा मिस्त्री भेटायला नशीब लागतं. एरवी काही हजारांत भागणाऱ्या दुरुस्तीसाठी लोक चाळीस-पन्नास हजार मोजून बसतात.

पाण्याचा मुद्दा लगेच निकालात निघतो. पेट्रोलमधला हायड्रोजन जळला की पाणीच तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. सायलेन्सर थंड असेल तोवर ती वाफ आत थिजते आणि थेंब पडतात. जळण नीट होतंय, एवढाच त्याचा अर्थ. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांचा सायलेन्सर या पाण्याने आतून लवकर गंजतो. काळजी करायची तर त्याची करावी.

पांढऱ्या धुराचंही निम्मं उत्तर इथेच आहे. डिसेंबरात नाशिकला किंवा महाबळेश्वरला सकाळी गाडी सुरू केली की मागून जे निघतं ती हीच वाफ. ती चार-पाच फुटांत विरते आणि इंजिन तापलं की थांबते. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रावण, जळत असेल तर धूर दाट असतो, हवेत रेंगाळतो, गोडसर वास येतो, आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही तो चालूच राहतो. (तो गोडवा कूलंटमधल्या एथिलीन ग्लायकॉलचा. ते विष आहे, बोटावर घेऊन चाखू नका, आणि जमिनीवर सांडलं तर कुत्र्या-मांजरांनी चाटण्याआधी धुऊन टाका.)

डिझेल गाडीत थंडीत येणारा आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर मात्र न जळलेल्या डिझेलचा असतो. तिथे हीटर प्लग, नोझल, कॉम्प्रेशन पाहायचं. हेड गॅस्केटकडे धावण्याचं कारण नाही. आणखी एक कारण गॅरेजमध्येही पटकन लक्षात येत नाही. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळलं तर ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये (ब्रेक हलका करणाऱ्या व्हॅक्यूमच्या डब्यात) उतरतं, तिथून व्हॅक्यूमच्या नळीने इंजिनात ओढलं जातं आणि पांढरा धूर देतं. ब्रेक ऑइलची पातळी घटते आहे पण चाकांपाशी कुठेच ओल नाही, असं असेल तर हे आधी तपासा. इथे प्रश्न इंजिनाचा नाही, जिवाचा आहे.

उलट बाजूही ध्यानात घ्या. गॅस्केट फुटूनही धूर न येणं अगदी शक्य आहे. दोन सिलिंडरच्या मधे फुटलं तर गाडी नुसती थरथरते. जळका वायू कूलंटमध्ये शिरू लागला तर नळ्या दगडासारख्या टणक होतात आणि गाडी तापते. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तरी निकाल लागला असं नाही; थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या निरोगी गाडीतही ती धरते. खात्री करायची तर रेडिएटरच्या तोंडाशी रसायनाची चाचणी करतात. जळका वायू येत असेल तर निळं रसायन पिवळं पडतं. सोबत कूलिंग सिस्टिमला हवेचा दाब देऊन गळती बघतात. हेड उतरवण्याच्या खर्चापुढे या तपासण्या फारच स्वस्त आहेत. त्या केल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नका.

आता निळा धूर. तो बहुतेक वेळा ऑइल जळल्याचाच असतो, इथवर मजकूर बरोबर आहे. पण ऑइल कुठून आत आलं याला वाटा अनेक, आणि त्या ओळखायच्या त्या धूर कधी येतो यावरून. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळा लोट आला आणि मिनिटाभरात थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. घाटात हे आणखी स्पष्ट होतं. खंबाटकी किंवा कसारा गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना पेट्रोल इंजिनात जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. तो व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली ओढतो. पायथ्याशी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते साठलेलं ऑइल एकदम जळतं आणि मागचा गाडीवाला हॉर्न देतो. ही रबरी सीलं पुष्कळ इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात.

चढावर, लोड घेताना धूर सतत येत असेल आणि ब्रीदरमधूनही (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतूनही) जोरात फुंकर येत असेल, तेव्हा रिंगांचा विचार करा. तोही कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन चाचणीनंतर (सिलिंडर किती दाब धरतो आणि तो कुठून गळतो, हे त्यांत कळतं). टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाडीत टर्बोतून ऑइल परत आणणारी नळी चोंदली तरी निळा धूर निघतो, आणि त्या बिचाऱ्या इंजिनाचा काही दोष नसतो. इंजिनाच्या पोटातली वाफ पुन्हा जळायला नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला, तरी तेच. सर्व्हिसिंगमध्ये ऑइल जास्त भरलं गेलं, तरी तेच. म्हणून पहिलं काम म्हणजे गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघणं. आणि जुनी आरएक्स १०० किंवा लुना निळसर धूर सोडते तो तिचा स्वभाव आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळायलाच घातलेलं असतं.

काळ्या धुराला ‘एअर फिल्टर बदला’ हे उत्तर कार्ब्युरेटरच्या काळातलं. आजच्या पेट्रोल इंजिनात ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आत येणारी हवा मोजून त्या मापानेच इंधन देतो, त्यामुळे फिल्टर चोंदला की पिकअप मार खातो, पण मिश्रण सहसा बिघडत नाही. काळा धूर आला तर गळका इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर किंवा कूलंट टेम्परेचर सेन्सर बघा. हा शेवटचा बिघडला तर गरम इंजिनही थंडच आहे असं ईसीयूला वाटतं आणि तो जादा पेट्रोल ओतत राहतो. डिझेलमध्ये फिल्टरवर संशय घेणं रास्त आहे, पण इंटरकूलरची (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीची) नळी नक्की चाचपून पाहा. ती फाटली की टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटते, इंधन जास्त ठरतं, काळा धूर आणि मेलेला पिकअप एकदम येतात. एका रबरी नळीपायी पंप-नोझल खोलले जातात, हे मनाला फार लागतं.

सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. गंधक इंधनात थोडं असतंच. १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-सहा (प्रदूषणाच्या सरकारी मानकाच्या) इंधनात त्याची मर्यादा दहा लाख भागांत दहा इतकी खाली आणली आहे. सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये हे गंधक साठतं आणि मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की या वायूच्या रूपात सुटतं. जोरात गाडी पळवल्यावर क्षणभर वास आला तर सोडून द्या. रोज येत असेल तर मिश्रण आणि कन्व्हर्टर तपासा. पण वास बॉनेटपाशी येत असेल तर संशय बॅटरीवर घ्या. चार्जिंग बेताबाहेर गेलं की बॅटरीतूनही हाच वायू निघतो, आणि सोबत पेट घेणारा हायड्रोजनही. अशा वेळी गाडी बंद करा, जवळ काडी ओढू नका. या वासावरून पंपावरच्या माणसाशी भांडणं अन्यायाचं आहे.

सायलेन्सरच्या आतल्या रंगाची गोष्ट जुन्या पेट्रोलबरोबर संपली. शिसं असलेलं पेट्रोल जळलं की नळीत राखाडी थर बसायचा आणि ‘राखाडी चांगला, काळा वाईट’ हा आडाखा त्यावरून पडला. भारतात २००० सालापासून शिसंविरहित पेट्रोलच मिळतं. आता कोरडी काळी काजळी साधीच बाब आहे, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत तर जास्तच. गाडी थंड असताना आत बोट फिरवा. कोरडी पूड लागली तर ठीक. ओलसर, तेलकट लागली तर ऑइलचा माग काढा. बीएस-सहा डिझेलची गोष्ट मात्र वेगळी. तिथे डीपीएफ नावाचा फिल्टर काजळी अडवतो, म्हणून नळी काळीकुट्ट असेल तर डीपीएफ फुटला आहे किंवा कुणीतरी काढून टाकला आहे. बाइकच्या बेंड पाइपवरची सोनेरी-निळी झाक ही तापलेल्या धातूवरची ऑक्साइडचा पापुद्रा. तिचा इंजिन संपण्याशी संबंध नाही.

आणि ‘धूर नाही म्हणजे इंजिन ठणठणीत’ हा सातवा दावा सर्वांत घातक, कारण तो निर्धास्त करतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. एक ढगही न सोडणारी गाडी बंद गॅरेजमध्ये माणसाचा जीव घेऊ शकते. शिवाय गरम कन्व्हर्टर थोडंफार जळकं ऑइल पचवून टाकतो, त्यामुळे ऑइल खाणारी गाडीही मागून स्वच्छ दिसते. डीपीएफ असलेल्या डिझेलमध्ये रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळून टाकणं) वारंवार अर्धवट तुटलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वाढते. धूर तेव्हाही नसतो.

म्हणून जुनी गाडी बघायला जाताना ‘मी येईपर्यंत सुरू करू नका’ असं मालकाला आधीच सांगा. बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरंच थंड आहे ना ते पाहा, डिपस्टिक आणि कूलंट बघा, मग स्टार्टर मारताना एका माणसाला मागे उभं करा. दहा मिनिटं आयडलवर ठेवून एकदा दमदार रेस करा. सौदा त्याच दिवशी करायचा नसेल तर ऑइलची पातळी टिपून ठेवा, आणि मालक राजी असेल तर काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजा.