चाळीस दिवस वाचलेलं चिकन जातं कुठे?

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लागली की वसईतल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत मटण-चिकन बंद होतं, लग्नसमारंभ थांबतात, शुक्रवारी क्रुसाची वाट (ख्रिस्ताच्या दुःखसहनाची प्रार्थना) सुरू होते. ईस्टरच्या रविवारी मात्र दुपारच्या एकाच ताटात सगळं भरून निघतं. मधल्या काळात जे खाल्लं नाही ते कुठे गेलं, हे सहसा कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न उपवासाच्या मुळाशी असलेला वाटतो. घरात जे वाचलं ते सणाला दुसऱ्याच्या पानात पडलं नाही, तर आपण फक्त आपलं खाणं पुढे ढकललं.

हिशेब करून बघा. चार माणसांच्या घरात आठवड्याला एक किलो चिकन येतं असं धरू. सहा आठवड्यांचं सहा किलो. पंगतीत बाकीचे पदार्थ असले की हाडांसकट कच्चं चिकन माणशी १५० ग्रॅम पुरतं. म्हणजे एका घराने सोडलेल्या चिकनवर ४० माणसं जेवतात! दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ख्रिस्ती ग्रंथात हीच रीत सांगितली आहे: उपवासाच्या दिवशी जे टाळलं त्याची किंमत काढा आणि विधवेला, अनाथाला, गरजूला द्या. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) बायबलमधल्या यशयाचा ५८वा अध्याय वाचतात, तोही भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याबद्दलच बोलतो.

मात्र पैसे त्याच आठवड्यात बाजूला पडले पाहिजेत. ईस्टर आल्यावर एकदम देऊ म्हटलं की ते किराण्यात आणि मुलांच्या फीमध्ये जिरलेले असतात. ज्या दिवशी चिकन आणलं नाही, त्याच दिवशी तेवढे पैसे डब्यात टाकायचे.

आता कॅथलिक चर्चचे नियम, कारण त्यांत दरवर्षी गोंधळ दिसतो. मांस वर्ज्य करणं वेगळं आणि उपवास वेगळा. मांस वर्ज्य करण्याचा नियम वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आहे, आणि त्याला वरची मर्यादा नाही. उपवासाचा नियम १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. उपवास म्हणजे दिवसातून एकदा पोटभर जेवण, शिवाय दोनदा थोडं खाणं, तेही दोन्ही मिळून एका जेवणाएवढं न होणारं. सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. बाकीचं आपण स्वतःहून घेतो. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली जुने कडक नियम सैल केले, ते प्रायश्चित्त कमी व्हावं म्हणून नव्हे. प्रार्थना आणि दानधर्म यांनाही तितकीच जागा मिळावी, हा त्यामागचा विचार होता.

दिवसांचा हिशेबही असाच चुकतो. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४० नव्हे, ४६ दिवस भरतात, कारण सहा रविवार उपवासात धरत नाहीत. रविवारी कोणी मटण खाल्लं म्हणून त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघू नका.

मासळीचं काय? मासळी चालते, नियम मोडत नाही. पण शुक्रवारी मटणाऐवजी सुरमई आणि कोळंबी आणली की डब्यात टाकायला काही उरत नाही, उलट खर्च वाढतो. सुकट किंवा सुके बोंबील घालून केलेलं वांगं, वालाची उसळ, शेवग्याच्या शेंगांचं कालवण, तांदळाची भाकरी, एवढ्यात शुक्रवार छान निघतो. साबुदाणा आणि तळलेले वेफर्स मात्र टाळा. त्यात प्रथिनं नावाला असतात, तासा-दोन तासांत पुन्हा भूक लागते, आणि मांस बंद असताना डाळी-कडधान्यंही नसली तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थकवा जाणवायला लागतो. रोज माणशी दोन वाट्या डाळ किंवा उसळ हवीच.

गुड फ्रायडेला वेळापत्रक नीट बसवणं सगळ्यात महत्त्वाचं. विधी दुपारी तीनच्या सुमाराला असतो, बराच वेळ उभं राहावं लागतं, आणि आपल्याकडे तेव्हा ऊन रणरणत असतं. पोटभर जेवण संध्याकाळसाठी ठेवा. सकाळी वाटीभर पेज मीठ घालून, बाराच्या आसपास एक केळं किंवा पुन्हा थोडी पेज. पाण्याने उपवास मोडत नाही, औषधानेही नाही. या दिवशी चक्कर येऊन पडणाऱ्यांतले बरेच जण भुकेपेक्षा पाणी न प्यायल्यामुळे पडतात. डोकं दुखतं ते बहुतेक चहा एकदम तोडल्यामुळे, म्हणून आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करत यायचं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोस डॉक्टरांना आधीच विचारा. साखर ७० च्या खाली गेली किंवा हात थरथरून घाम फुटला, तर त्याच क्षणी साखरपाणी प्या. आजारी माणसाला, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हा नियम लागूच नाही. अशांना कोणी टोचून बोललं तर घरातल्या मोठ्यांनी मध्ये पडलं पाहिजे.

आता सणाचं जेवण. ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या जागरण विधीनंतर रात्री बारा-एकला घरी येऊन डुकराच्या मटणावर ताव मारणं पोटाला झेपत नाही. चाळीस दिवस हलकं खाल्लेल्या पोटात एवढी चरबी आणि व्हिनेगर गेलं की पहाटे जळजळ ठरलेली. रात्री सूप, उकडलेली अंडी, पाव, केकचा तुकडा. मोठं जेवण रविवारी दुपारी.

सरपोटेल (डुकराचं मांस आणि कलेजी घालून केलेलं आंबट-तिखट कालवण) रविवारी हवं असेल तर गुरुवारी सकाळी करा, मुरायला दोन-तीन दिवस लागतात. एक किलो चरबीसकट मांस मोठ्या तुकड्यांत मिठाच्या पाण्यात अर्धा तास उकडायचं. पाव किलो कलेजी वेगळी, पाच-सात मिनिटंच, जास्त झाली की रवाळ आणि कडवट होते. सगळं पूर्ण गार झाल्यावर बारीक चिरायचं. गरम असताना सुरी लावली तर चरबी चिरडते आणि फोडी न राहता लगदा होतो. १५-२० काश्मिरी मिरच्या, चमचाभर जिरं, १० मिरे, ६ लवंगा, दोन इंच दालचिनी, एक गड्डा लसूण, दोन इंच आलं आणि अर्धा चमचा हळद पाऊण वाटी व्हिनेगरमध्ये बारीक वाटायचं. फोडी त्यांच्याच चरबीत परतून घ्यायच्या, कांदा आणि मसाला त्याच चरबीत परतायचा, मांस उकडलेलं पाणी लागेल तसं घालून मंद आचेवर पाऊण तास. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, व्हिनेगरने त्याला धातूची चव येते. मीठ गुरुवारीच पक्कं करून टाका, म्हणजे शुक्रवारी चाखायची वेळ येत नाही. त्या दिवशी फक्त एक खळखळून उकळी आणायची, गार झालं की पुन्हा फ्रिजमध्ये. पूर्वी फ्रिजशिवाय टिकायचं तसं आता टिकेल असं धरू नका. हल्ली आंबट कमी आवडतं म्हणून व्हिनेगर कमी आणि पाणी जास्त पडतं, आणि टिकाऊपणा तर व्हिनेगरचाच होता.

ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मूळ ख्रिस्ती समाजाच्या) घरांतल्या फुग्यांना, म्हणजे तळलेल्या गोल पावांना, एक किलो मैदा, दोन अंडी, एक वाटी घट्ट नारळाचं दूध, ५० ग्रॅम साखर, दोन चमचे मीठ, १० ग्रॅम ड्राय यीस्ट आणि लागेल तसं कोमट पाणी. पीठ मुठीतून अंगठ्याशी दाबलं की गोळा होऊन सुटलं पाहिजे. ओघळलं तर पातळ आहे, तळताना फुगे चपटे होऊन तेल पितात. उन्हाळ्यात पीठ तासा-दीड तासात फुगतं, त्यापुढे आंबतं. तेल फार तापलं तर वरून लाल आणि आत कच्चे.

हे सगळं घराघरांत होतं आणि चांगलं होतं. पण ज्यांची मुलं आखातात किंवा कॅनडात आहेत ते म्हातारे आईवडील, कामासाठी आलेली परप्रांतीय ख्रिस्ती कुटुंबं, रविवारीही ड्युटीवर असलेल्या नर्स, यांचं ईस्टर बरेचदा कोरडं जातं. म्हणून डब्यातल्या पैशांचं जेवण ईस्टरच्या दिवशी न करता पुढच्या रविवारी करा. ईस्टरचा सण आठ दिवस चालतो, त्यातल्या शुक्रवारीसुद्धा मांस चालतं, आणि कोणाला आपल्या घरचं ताट सोडून यावं लागत नाही. शंभर माणसांना चिकन १५ किलो, तांदूळ ८ किलो, ५ किलो मांसाचं सरपोटेल, फुगे माणशी तीन, आणि वालाचं बिरडं तीन किलो कोरड्या वालाचं. शेजारचे हिंदू-मुसलमान येणार असतील तर डुकराच्या मटणाचं टेबल, पातेली आणि डाव पूर्णपणे वेगळे ठेवा आणि तसं लिहून लावा. मुसलमान पाहुण्यांसाठी चिकन हलाल दुकानातूनच आणा. शाकाहारी स्वयंपाक आधी उरकून बाजूला काढा.

वाढताना एकच मोठं पातेलं दिवसभर उघडं ठेवू नका, शिजलेलं मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये. उरलेलं पसरट भांड्यांत काढून लगेच गार करायचं, खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथेच नासायला सुरुवात होते. अंथरुणाला खिळलेल्यांचे डबे मात्र पंगत बसायच्या आधी भरा. आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घेऊन जाणाऱ्यांना अशी घरं पाठ असतात, त्यांच्याकडूनच यादी घ्या. या डब्यांत सरपोटेल नको. मऊ भात, चिकनचा कमी तिखट रस्सा, हाडं काढलेल्या फोडी, आणि सोबत बसून वाढायला घरटी एक माणूस.