शाल जरूर द्या, पण चार प्रश्नही विचारा

आपल्या जळगावात कुणी काही चांगलं उभं केलं की आपण त्याचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, ग्रुप फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. सत्कारमूर्तींना 'दोन शब्द' बोलायची विनंती होते ती अगदी शेवटी, तोवर मागच्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. त्या माणसाने पहिलं भांडवल कुठून आणलं, कामगार त्याच्याकडे का टिकतात, उधारी कशी वसूल करतो, हे कुणी विचारत नाही. मला हे फार खटकतं. कारण सत्काराने त्या एका माणसाचा मान होतो, पण त्याला जे कळलंय ते गावाला कळत नाही.

म्हणून आम्ही काही मित्रमैत्रिणींनी एक साधी गोष्ट सुरू केली. एक माणूस बोलवायचा. उद्योजक, कलावंत किंवा संस्था चालवणारा, पण इथलाच आणि इथेच राहून काम करणारा. भाषण नाही, हारतुरे नाहीत. सतरंजीवर बसायचं आणि दोन तास फक्त प्रश्न.

रावेर तालुक्यातल्या एक ताई आल्या होत्या, केळीच्या वेफर्सचा उद्योग करणाऱ्या. सुरुवातीला त्यांनी नेहमीचं सांगितलं: घरच्यांची साथ, देवाची कृपा. मग कुणीतरी विचारलं, "ताई, वेफर लाल का पडतो?" आणि त्या एकदम खुलल्या. केळं कच्चं पण पूर्ण भरलेलं हवं. जरा पिकायच्या वाटेला लागलं की त्यात साखर वाढते आणि तेलात टाकल्याबरोबर रंग चढतो. म्हणून बागेतून माल आला की त्याच दिवशी तळायचा. किसणी थेट कढईवर धरायची, काप एकेक सुटा पडला पाहिजे. तेलावर मिठाचं पाणी कधी मारायचं हे त्या घड्याळावर बघत नाहीत, तळणाचा आवाज ऐकून ठरवतात. हे सांगताना त्यांचा हात हवेत किसणी चालवत होता.

पण खरं दुखणं पुढे निघालं. दुकानदार माल ठेवून घेतो, पैसे दीड महिन्याने देतो आणि पावसाळ्यात मऊ पडलेली पाकिटं परत करतो. केळीवाल्याला मात्र रोख द्यावे लागतात. म्हणजे धंदा चांगला चाललाय आणि हातात पैसा नाही. यावर त्यांनी काढलेला मार्ग असा: दुकानं निम्मी केली आणि हायवेवरच्या रोखीच्या विक्रीवर भर दिला. समोर दोन बचत गटांच्या बायका बसल्या होत्या, बिबडे आणि पापड करणाऱ्या. त्यांनी हे लिहून घेतलं. त्या दिवशी मला पटलं की कुठल्याही उद्योजकता शिबिरात हे इतकं नेमकं मिळत नाही.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण त्या केळीवर पोट भरणाऱ्या बाईला पैसे वेळेवर का मिळत नाहीत, हा प्रश्नही तितकाच आपला आहे.

अमळनेरचंच बघा. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, हे खान्देशातल्या पोराटोरालाही ठाऊक आहे. कुणाच्या आजोबांनी शेअर घेतले आणि आज त्यांचे किती झाले, याच्या कहाण्या आपण चवीने सांगतो. पण तेलाचा कारखाना तिथेच का काढावासा वाटला? भोवताली भुईमूग, दारातून जाणारी सुरत-भुसावळ रेल्वे आणि गिरणीमुळे आधीपासून कामाची सवय असलेलं गाव. त्याच गावात कापड गिरणी काढणाऱ्या प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. एकच माणूस गिरणीही चालवतो आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाला पैसाही देतो. आज आपण उद्योजकांची बैठक वेगळी भरवतो, साहित्यिकांची वेगळी, समाजसेवकांची तिसरी. तिघे एकमेकांना ओळखतही नाहीत.

कलावंतांच्या बाबतीत तर आपण अजूनच वाईट वागतो. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस. त्यांचं नाव निघालं की सगळे पंजाब मेलची आणि त्या गाडीने येणाऱ्या प्रेयसीची त्यांनी आयुष्यभर पाहिलेल्या वाटेची गोष्ट सांगतात. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, प्रकाश खेळवून ते अख्खा निसर्ग कसा उभा करायचे, त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी काय होती, हे सांगणारे किती भेटतात? चाळीसगावला त्यांचं घर आहे, आत त्यांचं काम आहे. आपल्या पोरांची सहल तिथे जायला हवी.

धुळ्याकडचा एक अहिराणी गाणी करणारा पोरगा आमच्याकडे आला होता. त्याच्या गाण्यांवर लग्नात वराती नाचतात, सुरतच्या उधना-लिंबायतमधले आपले लोक ती मोबाइलवर वाजवतात. त्याला कुणीतरी कमाई विचारली. तो म्हणाला, "गानं चालनं म्हंजे पैसा उना असं नही, भाऊ." पैसा येतो तो लग्नसराईतल्या स्टेज शोमधून, आणि तो तीन-चार महिन्यांचा खेळ. बाकी वर्ष तो दुसऱ्यांचे व्हिडिओ एडिट करतो. त्याची मागणी अनुदानाची नव्हतीच. धुळ्यात किंवा जळगावात परवडेल असा चांगला रेकॉर्डिंग स्टुडिओ हवा, एवढंच. आमच्या त्याच सतरंजीवर दोन कारखानदार बसले होते. अशी भेट एरवी कुठे होते?

आता संस्थांबद्दल, कारण माझा जीव तिथे सगळ्यात जास्त अडकतो. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात काम करणारे एक दादा आले होते. तिथली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, पोरं बरोबर जातात, शाळेचा पट कागदावर राहतो. यांची संस्था त्या मुलांना गावातच ठेवून, जेवूखाऊ घालून शिकवते. मी विचारलं, सगळ्यात अवघड काय? मला वाटलं डोंगर, रस्ते, भाषा म्हणतील. ते म्हणाले, "शिक्षिकेचा पगार." देणगीदार वह्या देतो, दप्तरं देतो, सोलर दिवा देतो, कारण त्याचा फोटो येतो. पगाराचा फोटो येत नाही.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, आणि कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. मोठ्या कंपन्या आहेत मुंबई-पुण्यात. त्यामुळे पैसाही तिकडेच फिरतो आणि सातपुड्यातला कार्यकर्ता प्रस्ताव घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो. पण जळगावच्या एमआयडीसीत डाळमिल आहेत, चटईचे कारखाने आहेत, पाइपवाले आहेत, शहरात सराफा आहे. यातल्या बऱ्याच जणांना तो कायदा लागू होत नसेल. तरी वर्षभर एका शिक्षिकेचा पगार देणं पाच-सहा जणांनी मिळून सहज होण्यासारखं आहे. त्यासाठी आधी ते दादा आणि हे शेठ एका खोलीत बसायला हवेत.

काही जण म्हणतात, धंद्याचं गुपित कोण सांगेल? माझा अनुभव उलटा आहे. मनापासून विचारलं की लोक भरभरून सांगतात, अगदी बुडालेल्या लाखांचंही. वर्षानुवर्षं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. आणि हे सगळं कुठे नोंदलेलं नाही. मोठ्या उद्योगपतींची चरित्रं निघतात, वेफरवाल्या ताईंचं कोण लिहिणार? त्यांच्याबरोबर ते जाईल.

म्हणून एक विनंती. वाचनालयं, रोटरी-लायन्सवाले, गणेश मंडळं, कॉलेजातले प्राध्यापक, तुमच्या सत्काराच्या कार्यक्रमात एक तास प्रश्नांसाठी ठेवा, आणि तो शेवटी नको, सुरुवातीला ठेवा. मोबाइलवर रेकॉर्ड करा. अहिराणी, तावडी, लेवा, पावरी, ज्याला ज्या बोलीत बोलायचंय त्यात बोलू द्या.

आणि आमच्यासाठी: डाळमिलमध्ये आयुष्य काढलेले जुने मुकादम, तुरीला तेल-पाणी लावून किती वाळवायची हे हाताने ओळखणारे, कुणाच्या माहितीत असतील तर मला मेसेंजरवर कळवा. पुढची बैठक त्यांच्याबरोबर करायची आहे. यायला जमत नसेल तर आम्हीच त्यांच्या घरी येऊ.