सही जुळत नाही

माझ्या डोळ्यांदेखत सचिन तेंडुलकरने बॉलवर केलेली सही सचिनचीच आहे की नाही, याबद्दल 'मत देता येत नाही' असं एका माणसाने मला गेल्या शनिवारी सांगितलं. हे सांगण्याचे त्याने 40 डॉलर घेतले. मत दिलं असतं तर किती घेतले असते, देव जाणे.

पार्श्वभूमी थोडक्यात. नोव्हेंबर 2015 मध्ये सचिन आणि शेन वॉर्न निवृत्त खेळाडूंच्या दोन टीम घेऊन अमेरिकेत आले होते. तीन मॅच, तिन्ही बेसबॉलच्या मैदानांवर. पहिली न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर, 7 तारखेला. मेट्स, म्हणजे तिथली बेसबॉलची टीम, आठवडाभरापूर्वीच तिथे वर्ल्ड सिरीज ही बेसबॉलची फायनल हरले होते, त्या मैदानात बाहेरून आणून पिच बसवलं होतं. न्यू जर्सीतून अर्धं एडिसन, म्हणजे आपल्या लोकांनी भरलेलं गाव, लोटलं होतं. सरावाच्या वेळी सचिन कुंपणाजवळ आला, मी दुकानातून नुकताच घेतलेला बेसबॉल आणि मार्कर पुढे केला, त्याने चालता चालता सही केली. संपलं. पुरावा म्हणून माझ्याकडे एक फोटो आहे, त्यात कोणाचं तरी डोकं आणि सचिनची अर्धी टोपी दिसते.

आता हा बॉल आमच्या मंडळाच्या लिलावात द्यायचं मी कबूल केलं. तर आमचे सेक्रेटरी म्हणाले, "सर्टिफिकेट लागेल हां." हे गृहस्थ त्या मॅचला माझ्याच गाडीतून आले होते. येताना पूर्ण रस्ताभर बॉल त्यांच्या मांडीवर होता. पण लिलाव म्हटला की 'थर्ड पार्टी' लागते म्हणे. मी फर्स्ट पार्टी, सचिन सेकंड पार्टी, आणि आम्हा दोघांपेक्षा विश्वासार्ह असा तिसरा कोणीतरी, जो तिथे नव्हता.

म्हणून एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या कार्ड शोला, म्हणजे खेळाडूंची कार्डं आणि सह्यांच्या वस्तूंच्या जत्रेला, गेलो. कोपऱ्यात सह्या तपासणाऱ्यांचं टेबल आणि त्यापुढे रांग. रांगेत माझ्या पुढे एक आजोबा होते. स्वेटर, पायात मोजे आणि सँडल, काखेत कापडी पिशवी. बरोबर बारा-तेरा वर्षांचा नातू, त्याच्या हातात कसलंसं कार्ड. आजोबांनी माझ्या हातातल्या बॉलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि थेट विचारलं, "तुम्ही मराठी ना?"

सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. दादरला एका सरकारी बँकेत उभा जन्म गेलेला, त्यातली बरीच वर्षं चेक पासिंगला. "म्हणजे हेच काम हो," टेबलाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "फक्त आम्हाला त्यासाठी कोणी वेगळे पैसे देत नव्हतं."

मला वाटलं, चला, आपला माणूस भेटला. नातवाचं काम झाल्यावरही ते माझ्यासाठी थांबले, तेव्हा तर मला गहिवरून आलं.

टेबलामागचा माणूस सभ्य होता. त्याने भिंग लावलं, बॉल फिरवला आणि आधी मलाच झापलं. बेसबॉलवर मार्करने सही घेऊ नये, शाई कातड्यात पसरते, बॉलपेनच वापरावं. शिवाय सही 'स्वीट स्पॉट'वर हवी, म्हणजे दोन शिवणी जिथे सगळ्यांत जवळ येतात त्या जागी. माझी भलतीकडेच होती. मी म्हटलं, बाबा रे, समोर सचिन असताना शिवणी बघायच्या की सचिन? त्याने विचारलं, "हू?"

असो. मग त्याने टॅबलेटवर चार-पाच नमुने काढले, पुन्हा भिंग लावलं, आणि मान हलवली. घाईत केलेली सही आहे, अक्षरं अर्धवट आहेत, शाई पसरली आहे, नमुन्यांशी मेळ बसत नाही. खोटी आहे असं नाही. खरी आहे असंही नाही. मत देता येत नाही.

इथे ते बँकवाले आजोबा, म्हणजे आमचे काका, पुढे सरसावले. मला वाटलं माझ्या बाजूने.

"स्पेसिमेन कार्ड कुठाय?" त्यांनी त्याला इंग्रजीत विचारलं, म्हणजे बँकेत ठेवतात तसा सहीचा मूळ नमुना. त्याने टॅबलेट दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, टॅबलेट नाकाजवळ नेला, मग बॉल नेला, मग पुन्हा टॅबलेट. मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी काका माझ्याकडे वळून म्हणाले, "मीपण परत केला असता."

"काका, माझ्यासमोर सही केलीय त्याने!"

"सगळे असंच म्हणतात. काउंटरला स्वतः खातेदार उभा असायचा, 'अहो, मीच आहे ना!' म्हणून. तुम्ही असाल हो. सही नाहीये." मग जरा मऊ होऊन, "खातेदार स्वतः येऊ शकतील का?"

"कोण, सचिन?"

"हो. आयडी घेऊन. नवीन स्पेसिमेन द्यायचं, एका मिनिटाचं काम. नाहीतर इंट्रोड्यूसर तरी आहे का कोणी, ज्याचं इथे खातं आहे?"

त्यांनी मला सांगितलं की सख्ख्या मेहुण्याचा चेक त्यांनी 'सिग्नेचर डिफर्स' असा शेरा मारून परत पाठवला होता, तोही दिवाळीच्या आदल्या दिवशी. मेहुण्याच्या हाताला प्लास्टर होतं. "प्लास्टर दिसत होतं मला. पण चेकवर प्लास्टर दिसत नाही ना!" मेहुणा नंतर वर्षभर बोलला नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

गंमत म्हणजे टेबलावरच्या माणसाला काका भलतेच आवडले. मागचा यांकीजची टोपी घातलेला मनुष्यही आपला बॉल घेऊन त्यांच्यापुढे आला. काकांनी तो पाहिला, नमुना पाहिला. "सही जुळतेय," ते म्हणाले, "पण तारीख नाही. बिनतारखेचा आम्ही घेत नाही." त्या मनुष्याने खरोखर विचारलं की मग आता काय करावं.

हसण्यावारी नेतोय खरा, पण मला मनापासून राग आला होता आणि अजून आहे. कारण हा सगळा डोलारा ज्यावर उभा आहे ते मत आहे, नुसतं मत. या कंपन्या प्रमाणपत्र देतात तेव्हाही 'आमच्या मते' असं लिहून देतात. उद्या ते चुकलं तर त्यांचं मत बदलतं, पैसे तुमचे जातात. आणि हे मत लागतं का, तर लोकांनी धंदाच तसा केला म्हणून. नव्वदच्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' म्हणून मोठा तपास केला. कॅलिफोर्नियातल्या एका टोळीने जिवंत-मेलेल्या अनेक खेळाडूंच्या सह्या ठोकून विकल्या होत्या. 1999 मध्ये धाडी पडल्या. त्या टोळीने मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा बाजारात आणले होते! विकत घेणाऱ्याला एकदाही वाटलं नसेल का, की मदर तेरेसांना बेसबॉल नेऊन दिला कोणी, आणि त्यांनी 'स्वीट स्पॉट' विचारून सही केली का? पण सोबत प्रमाणपत्र होतं. प्रमाणपत्र असलं की माणूस विचार करायचं थांबतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या सह्यांपैकी निम्म्याहून अधिक खोट्या असाव्यात, असा एफबीआयचाच अंदाज होता.

सॅन दिएगोच्या टोनी ग्विन या बेसबॉलपटूला तर स्वतःच्याच टीमच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या दिसल्या. तो निदान ओळखू शकला, कारण तो टोनी ग्विन होता. मग 2001 मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःची व्यवस्था सुरू केली. त्यांचा नियम सरळ आहे. आजी किंवा माजी पोलिस तिथे हजर असतो, सही होताना डोळ्यांनी बघतो, तिथल्या तिथे नंबराचा होलोग्राम चिकटवतो. नंतर घरून आणलेल्या बॉलला ते हातही लावत नाहीत. याला म्हणतात पद्धत. पाहणाऱ्याला किंमत आहे. माझंही म्हणणं एवढंच होतं, की मीही पाहिलं. पण मी पोलिस नाही, आणि माझ्याकडे चिकटवायला काही नव्हतं.

लहानपणी गल्लीत प्रत्येकाच्या बॅटवर कोणा ना कोणा क्रिकेटपटूची छापील सही असायची, आणि ती त्याने स्वतः बसून केली आहे यावर आमचा ठाम विश्वास होता. एका मुलाने तर सही पुसली जाऊ नये म्हणून बॅट पावसात बाहेर काढणं बंद केलं होतं. तेव्हा सर्टिफिकेट मागितलं असतं तर मागणाऱ्याला बॅटनेच दिलं असतं.

तर टेबलामागच्या माणसाने मला एक कागद दिला. वर कंपनीचं नाव, मध्ये 'मत देता येत नाही' याचं चार ओळींचं लांबण, खाली त्याचं नाव आणि सही. 40 डॉलर परत मिळणार नाहीत, हे बारीक अक्षरात. मी कागद घडी घालून खिशात टाकत होतो, तेवढ्यात काकांनी तो घेतला. अंगठा जिभेला लावून सहीवरून फिरवला.

"छापील आहे," ते म्हणाले.

त्याने कबूल केलं. हो, छापील आहे, रोज एवढे कागद कोण सही करणार?

"ओरिजिनल करा," काका म्हणाले. सव्वीस जानेवारीच्या झेंड्यापुढे उभं राहावं तसे ते ताठ झाले होते. त्या माणसाने हसत पेन उचललं, रांगेकडे एक नजर टाकली आणि छापील सहीशेजारी सही ठोकली. काकांनी भिंग मागून घेतलं. वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. नातू लाजून दुसरीकडे बघायला लागला.

"सुरुवातीचं अक्षर वेगळं. शेवटचं शेपूट नाहीच. खालची रेघ छापीलमध्ये आहे, इथे नाही." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "सिग्नेचर डिफर्स."

तो माणूस ओशाळला, हसला, खांदे उडवले. म्हणाला, "मी घाईत होतो."

घाईत तर सचिनही होता, असं मी म्हणेपर्यंत यांकीजच्या टोपीवाल्याने आपला बॉल पुढे सरकवला होता, आणि त्यावर आता बॉलपेनने तारीख घातलेली होती.